जुन्या लॅपटॉपला नेट कसं जोडायचं? मोडेम कार्डापासून मोबाईलच्या केबलपर्यंत सगळी माहिती

कळमेश्वर : आपल्या तालुक्यात असं गाव नसेल, जिथं दोन-चार घरी एक जुना लॅपटॉप कपाटावर धूळ खात पडला नाही. कोणाला नागपूरच्या नातेवाइकानं दिलेला, कोणी पोरासाठी सेकंडहँड घेतलेला. चालू होतो, पण 'याला नेट लागत नाही' म्हणून बाजूला ठेवलेला. आणि त्याच घरचं पोरगं फॉर्मच्या शेवटच्या दिवशी ऑनलाइन सेंटरवर रांगेत उभं असतं.

मागच्या वर्षी माझ्या घरीही हेच झालं. मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म मोबाईलवर भरायला घेतला, तर कागदपत्रं जोडायच्या पानावर गाडी अडकली. सेंटरवर गेलो, नंबर येईपर्यंत संध्याकाळ झाली. शेवटी घरी येऊन जुना लॅपटॉप काढला, माझ्या मोबाईलची केबल लावली, आणि रात्री अकराच्या सुमारास फॉर्म सबमिट झाला. फॉर्म राहिला असता तर वर्षभराची फी खिशातून भरावी लागली असती. संत्र्याच्या आंबिया बहाराची गळ चालू असताना ते किती जड जातं, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही.

ही गोष्ट गावात कळली तसे लोक आपापले लॅपटॉप घेऊन आले. त्यातल्या दोघांच्या लॅपटॉपला बाजूच्या फटीत एटीएम कार्डाएवढं एक कार्ड होतं. "भाऊ, हे कायचं हाय? याच्यावर नेट चालते का?" असा प्रश्न आला. ते होतं डायल-अप मोडेम कार्ड. म्हणून ही माहिती सुरुवातीपासून लिहितो. जुनं कार्ड कसं चालतं हे एकदा समजलं, की आजच्या मोबाईलवरून नेट जोडतानाचा बिघाडही आपला आपल्याला सापडतो.

मोडेम म्हणजे काय?

लॅपटॉपला फक्त शून्य आणि एक ही आकड्यांची भाषा कळते. लँडलाइनची जुनी तांब्याची तार मात्र माणसाचा आवाज वाहून नेण्यासाठी टाकलेली. मोडेम म्हणजे या दोघांमधला दुभाषा. तो आकड्यांचा आवाज करून तारेत सोडतो आणि तारेतून आलेल्या आवाजाचे परत आकडे करतो. नेट जोडताना फोनमधून जो 'किर्रर्र... खर्रर्र' आवाज यायचा, ती दोन मोडेमची आपसातली बोलणी होती.

आपल्या देशात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. विदेश संचार निगमनं ते सुरू केलं, आणि घरी ते यायचं याच फोनच्या तारेवरून. पुढे मोडेमचा वेग वाढत वाढत ५६ केबीपीएसवर आला आणि तिथंच थांबला. हा आकडाही येण्याचा, आणि तोही कागदावरचा. पाठवण्याचा वेग बहुतेक मोडेममध्ये जास्तीत जास्त ३३.६ केबीपीएस.

याचा हिशेब करून पाहा. एक एमबीचा फोटो म्हणजे सुमारे आठ हजार किलोबिट. ३३.६ च्या वेगानं तो पाठवायला चार मिनिटं लागतात, तेही लाइन मध्ये तुटली नाही तर. मी बातमीदारी सुरू केली तेव्हा गारपिटीचा एक फोटो असाच पाठवायला बसलो होतो. तीनदा लाइन तुटली, तीनदा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी बातमी फोटोशिवायच गेली.

तुमच्या लॅपटॉपला मोडेम आहे का?

लॅपटॉपच्या कडेला दोन चौकोनी भोकं दिसतील. मोठं भोक असतं लॅनच्या वायरचं. त्याच्यासारखंच पण लहान, लँडलाइनची पिन बसेल असं दुसरं भोक असेल, तर मोडेम आतच बसवलेला आहे. वेगळं कार्ड लागत नाही.

लहान भोक नसेल तर बाजूला कार्डाची फट शोधा. तिला पीसी कार्ड किंवा पीसीएमसीआयए स्लॉट म्हणतात. कार्ड लांबी-रुंदीला एटीएम कार्डाएवढं आणि जाडीला साधारण ५ मिलिमीटर असतं. थोड्या नंतरच्या लॅपटॉपमध्ये एक्सप्रेसकार्ड नावाची वेगळी फट आली. दोन्हींची कार्डं एकमेकांत बसत नाहीत, म्हणून भंगारवाल्याकडून किंवा सीताबर्डीवरून जुनं कार्ड घ्यायचं असेल तर लॅपटॉप सोबत न्या आणि तिथंच लावून पाहा.

कार्ड बसवण्याची पद्धत

१. लॅपटॉप बंद करा. पीसी कार्ड चालू लॅपटॉपलाही लावता येतं, पण पहिल्यांदा बसवताना बंद केलेलं बरं.

२. फटीत प्लॅस्टिकचं खोटं कार्ड असेल तर बाजूचं बटण दाबून ते काढा. फटीत फुंकर मारू नका, तोंडातला ओलावा आत जातो. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढा.

३. कार्डाची नाव असलेली बाजू वर ठेवून भोकं असलेली कड आत सरकवा. शेवटी थोडा जोर लागतो. मध्येच अडलं तर ठोकू नका. आतल्या पिना वाकल्या की स्लॉट गेला समजा.

४. फोनची वायर कार्डाला लावा. काही कार्डांत फोनची पिन लावायची पट्टी दाबून बाहेर काढावी लागते, काहींना एक छोटी जोडवायर असते. ती हरवली असेल तर कार्ड असून नसल्यासारखं.

५. लॅपटॉप चालू करा. विंडोजला कार्ड दिसलं तर 'नवीन हार्डवेअर सापडलं' अशी सूचना येते.

यानंतर ड्रायव्हर टाकायचा. ड्रायव्हर म्हणजे ते कार्ड कसं वापरायचं हे लॅपटॉपला सांगणारा प्रोग्राम. कार्डासोबत सीडी असेल तर ती घाला. नसेल तर कार्डाच्या पाठीवरचा मॉडेल नंबर लिहून घ्या, मोबाईलवर शोधा आणि पेन ड्राइव्हनं फाईल आणा. ड्रायव्हर शक्यतो कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्याच साईटवरून घ्या. 'फुकट ड्रायव्हर' म्हणणाऱ्या भलत्याच साईटवरून घेतला तर त्यासोबत व्हायरस यायची भीती असते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. स्वस्त मोडेममध्ये निम्मं काम कार्ड करतं आणि निम्मं लॅपटॉपचा प्रोसेसर. असं कार्ड ड्रायव्हरशिवाय काहीच करत नाही, आणि लिनक्सवर तर फार त्रास देतं.

विंडोज एक्सपीमध्ये सेटिंग

कंट्रोल पॅनेलमध्ये 'फोन अँड मोडेम ऑप्शन्स' उघडा. मोडेमच्या यादीत तुमच्या कार्डाचं नाव दिसायला हवं. त्यावर क्लिक करून 'प्रॉपर्टीज', मग 'डायग्नोस्टिक्स', मग 'क्वेरी मोडेम' दाबा. उत्तरांच्या ओळी आल्या तर कार्ड आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक आहेत. इथंच उत्तर येत नसेल तर फोनच्या लाइनला दोष देऊ नका, बिघाड लॅपटॉपमध्येच आहे.

मग 'नेटवर्क कनेक्शन्स' मध्ये जाऊन नवीन कनेक्शन तयार करा. 'इंटरनेटला जोडा', 'हातानं सेटिंग करा' आणि 'डायल-अप मोडेम वापरा' या अर्थाचे पर्याय एकापाठोपाठ येतात ते निवडा. पुढे सेवा देणाऱ्याचा डायल करायचा नंबर, युजरनेम आणि पासवर्ड टाका. डायलिंग 'टोन' वर ठेवा, 'पल्स' वर नको. लाइन ऑफिसच्या आतल्या एक्सचेंजवरून येत असेल तर नंबराच्या आधी शून्य आणि स्वल्पविराम टाका. स्वल्पविराम म्हणजे मोडेमला 'थोडं थांब' असं सांगणं.

जोडताना अडलं तर स्क्रीनवर एरर नंबर येतो. तो लिहून घ्या, अर्धं निदान त्यातच असतं :

- ६८० : डायल टोन नाही. वायर सैल आहे किंवा लाइन बंद आहे. साधा फोन लावून ऐका.
- ६७६ : लाइन बिझी. थोड्या वेळानं परत करा.
- ६७८ : पलीकडून उत्तर नाही. नंबर चुकला असेल किंवा ती सेवाच बंद असेल.
- ६९१ : युजरनेम किंवा पासवर्ड चुकला.
- ६३३ : मोडेम दुसरा प्रोग्राम वापरतो आहे किंवा नीट बसलेला नाही.

कनेक्शन चालू असताना घरातल्या दुसऱ्या फोनचा रिसीव्हर कोणी उचलला की नेट तुटतं. आणि पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की फोनची पिन आधी काढा. तारेतून आलेली वीज मोडेमच नाही, सगळा लॅपटॉप जाळू शकते.

मग आज हे कार्ड कामाचं आहे का?

सरळ उत्तर : नेटसाठी नाही. कार्ड चांगलं असलं तरी पलीकडं ते फोन उचलणारं कोणी हवं, आणि तार तांब्याची हवी. फायबरवरून येणाऱ्या लँडलाइनवर असा मोडेम भरवशानं चालत नाही. अमेरिकेत डायल-अपचं सर्वांत गाजलेलं नाव म्हणजे एओएल. त्या कंपनीनंही आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ ला बंद केली. म्हणून कोणी पाचशे रुपयांत 'नेटचं कार्ड' म्हणून हे विकत असेल तर घेऊ नका. घरी पडलेले सीडीएमएवाले जुने डोंगलही तसेच. ती नेटवर्कच बंद झाली आहेत.

याबाबतीत आपल्या महाराष्ट्रातलंच एक उदाहरण आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या भागात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी संगणक केंद्रं उभारली. ऊस उत्पादकाला आपल्या उसाचं वजन, खताची उचल, बिलाची माहिती गावातच मिळावी, हा हेतू. पण खेड्यात संगणक सांभाळणं, वीज, दुरुस्ती हे सगळं महाग पडायचं. पुढे काही गावांत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी वेगळा प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाईल ठेवला आणि तीच माहिती एसएमएसनं द्यायला सुरुवात केली. शेतकऱ्याला लागणारे चार आकडे त्यावर मिळत होते.

म्हणजे मोबाईल तिथं संगणकाच्या कामी आला. आपल्याला आज उलटं करायचं आहे. लॅपटॉपची मोठी स्क्रीन आणि कीबोर्ड वापरायचा, आणि मोडेमचं काम मोबाईलला द्यायचं.

मोबाईल हाच मोडेम : केबलची पद्धत

१. मोबाईलमध्ये डेटा चालू करा आणि मोबाईलवर एखादी साईट उघडते का ते आधी पाहा.

२. चार्जिंगची केबल मोबाईल आणि लॅपटॉपला लावा.

३. मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'नेटवर्क आणि इंटरनेट' किंवा 'कनेक्शन' मध्ये जा. तिथं 'हॉटस्पॉट आणि टेदरिंग' सापडेल. त्यात 'यूएसबी टेदरिंग' चालू करा.

४. लॅपटॉपच्या खालच्या कोपऱ्यात नेटवर्कचं चिन्ह येईल. विंडोज ७ किंवा त्यापुढचं असेल तर बहुतेक वेळा आणखी काही करावं लागत नाही. नंबर डायल करायचा नाही, पासवर्ड टाकायचा नाही. एक्सपीला मात्र वेगळी ड्रायव्हर फाईल लागते.

'यूएसबी टेदरिंग' चं बटण दबत नसेल तर दहापैकी सात वेळा दोष केबलचा असतो, हा माझा अनुभव. काही स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. मोबाईल चार्ज होतो, पण लॅपटॉपला दिसत नाही. मोबाईलसोबत आलेली केबल वापरा.

जुन्या लॅपटॉपच्या यूएसबीचा वेग कमी असेल अशी शंका नको. सर्वांत जुन्या यूएसबीचा वेगही १२ एमबीपीएस आहे, म्हणजे त्या मोडेम कार्डाच्या दोनशे पटींहून जास्त.

केबल नको असेल तर हॉटस्पॉट आहेच. पण जुन्या लॅपटॉपला मोबाईलचा हॉटस्पॉट दिसतच नाही, अशी तक्रार खूप जण करतात. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड '५ गिगाहर्ट्झ' असेल तर तो '२.४' करा, आणि सुरक्षेचा प्रकार 'डब्ल्यूपीए ३' असेल तर 'डब्ल्यूपीए २' करा. जुन्या वायफायला एवढंच कळतं.

नेट लागलं, पण साईट उघडत नाही

हा सगळ्यात जास्त भेटणारा बिघाड. दोन कारणं तपासा.

पहिलं, तारीख. लॅपटॉप वर्षानुवर्षं बंद राहिला की आतला छोटा सेल उतरतो आणि तारीख कुठल्या कुठे मागे जाते. मग सरकारी साईट, बँकेची साईट 'सुरक्षित नाही' म्हणून अडवते. तारीख आणि वेळ बरोबर केली की बऱ्याचदा साईट लगेच उघडते. दर वेळी तारीख मागे जात असेल तर सेल बदलून घ्या.

दुसरं, ब्राउझर. जुन्या ब्राउझरला आजच्या साईटची कुलूपबंद भाषा येत नाही. विंडोज एक्सपीचं अपडेट ८ एप्रिल २०१४ ला बंद झालं, विंडोज ७ चं १४ जानेवारी २०२० ला, आणि विंडोज १० चंही १४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीचं अपडेट थांबलं. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती चालते. एक्सपीवर तर आजच्या बहुतेक सरकारी साईट उघडणारच नाहीत, तिथं वेळ घालवू नका. लॅपटॉपची मेमरी २ ते ४ जीबी असेल तर त्यावर हलकं लिनक्स टाकून घेता येतं. ते फुकट आहे, आणि मोबाईलची केबल लावली की नेट सहसा लगेच ओळखतं. टाकण्याआधी लॅपटॉपमधले फोटो आणि फाईली पेन ड्राइव्हवर काढून घ्या, कारण डिस्क पुसली जाऊ शकते.

डेटा आणि पैसा दोन्ही सांभाळा

मोबाईलवर दिवसाचा दीड जीबी पुरतो, पण लॅपटॉप जोडला की तो अर्ध्या तासात संपू शकतो. लॅपटॉप मागच्या मागे अपडेट ओढत असतो. विंडोज १० मध्ये त्या कनेक्शनवर 'मीटर्ड' हा पर्याय चालू करा, म्हणजे मोठे अपडेट थांबतील. फॉर्म भरून झाला की टेदरिंग बंद करायला विसरू नका.

अपडेट बंद झालेल्या लॅपटॉपवर बँकेचा व्यवहार करू नका. फॉर्म लॅपटॉपवर भरा, पैसे मोबाईलवरून भरा. सेकंडहँड लॅपटॉप घेतला असेल तर आधी पूर्ण फॉरमॅट करून घ्या. त्यात कोणी काय टाकून ठेवलं आहे, हे आपल्याला दिसत नाही. आणि कोणी फोन करून 'तुमचं नेट दुरुस्त करतो, हे ॲप टाका' म्हटलं तर फोन ठेवून द्या.

बिघाड शोधायचा क्रम

विहिरीवरची मोटर पाणी देत नसली तर आपण लगेच मोटर खोलत नाही. आधी लाइट पाहतो, मग स्टार्टर, मग फूटवॉल्व्ह, मग पाइप. नेटचंही तसंच. कार्ड असो की मोबाईल, क्रम एकच :

१. वस्तू : कार्ड किंवा मोबाईल लॅपटॉपला दिसतो का? नाही तर केबल, स्लॉट पाहा.

२. ड्रायव्हर : दिसतो पण चालत नाही? ड्रायव्हर पाहा.

३. लाइन : डायल टोन आहे का? मोबाईल असेल तर रेंज आणि डेटा आहे का? शेतात रेंज नसेल तर लॅपटॉप काय करणार?

४. खातं : पासवर्ड बरोबर आहे का? रिचार्ज संपला नाही ना?

५. तारीख आणि ब्राउझर : वरचं सगळं ठीक असेल तर इथं पाहा.

या क्रमानं गेलात तर दुकानात दोनशे रुपये देण्याआधी दहा मिनिटांत कळेल की बिघाड कुठं आहे. दुकानात जायची वेळ आलीच, तरी काय झालं ते नीट सांगता येईल आणि कोणी उगाच 'मदरबोर्ड गेला' म्हणून सांगणार नाही.

ज्यांनी कार्ड आणून दाखवलं होतं, त्या दोघांचे लॅपटॉप आता केबलवर चालतात. एकाच्या लॅपटॉपची नुसती तारीख २००९ ची होती, ती बदलली आणि काम झालं. मोडेम कार्ड मात्र त्यांनी फटीतच राहू दिलं आहे. काढलं की तिथून धूळ जाते, म्हणून तेही बरोबरच.

फॉर्मच्या शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. आज संध्याकाळी कपाटावरचा लॅपटॉप खाली काढा, चार्जिंगला लावा आणि एकदा केबल जोडून पाहा. चालला तर पोरांचं काम घरी होईल. नाही चालला, तरी वरच्या पाचपैकी कुठं अडलं, ते तुम्हाला माहीत असेल.